गॅसवरचा चहा

"तुमची पोरगी नेमकं करते काय?" असं कुणी विचारलं की माझी आई एका दमात सांगायची, "लोकायच्या घरी जाऊन चाय पिते. त्याचा तिले पगार भेटते."

मी फार चिडायची. घरगुती इंधनवापर, ऊर्जा धोरण, वीजबचत असे भारदस्त शब्द मी तिच्याकडून घोकून घेतले होते. ती ते ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि पुढच्या पाहुण्याला पुन्हा चहाचंच सांगायची. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या कार्याबद्दल भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, एका वक्त्याने तर मला 'ऊर्जा क्षेत्रातील दीपस्तंभ' करून टाकलं. घरी परतताना ऑटोत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं, की इतक्या माणसांत माझ्या कामाचं खरं वर्णन एकट्या आईनेच केलं होतं. कसं, ते सांगते.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. बाबा स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर लागले आणि आम्ही भिलाईचे झालो. माझं सगळं लहानपण टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये, हीटरच्या उबेत गेलं. हीटर म्हणजे नागमोडी खाच असलेली मातीची तबकडी आणि त्या खाचेत बसवलेली तारेची कॉइल. टाउनशिपमध्ये तेव्हा विजेचं बिल कुणी मनावर घेत नसे, त्यामुळे घरोघरी स्वयंपाक हीटरवर. पण आईचा एक पक्का सिद्धांत होता, की सारखं बंद-चालू केलं की कॉइल तुटते. म्हणून ती सकाळी हीटर लावायची तो रात्री भांडी घासून झाल्यावरच बंद करायची. मधल्या वेळात नुसता पेटता ठेवणं बरं दिसत नाही म्हणून त्यावर पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवायची. काही आण्यांची कॉइल वाचवण्यासाठी आमच्या घरात दिवसभर वीज जळायची आणि आई स्वतःला अतिशय काटकसरी समजायची.

घरात गॅसही होता. त्याच्यावर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं. पाहुणे आले की कव्हर निघायचं, काडी ओढली जायची, चहा व्हायचा आणि पाहुणे फाटकाबाहेर पडायच्या आत कव्हर पुन्हा चढायचं. गॅस हा पाहुण्यांचा, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पुढे जे घडलं ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा, कारण नेमकं मीच ते विसरले होते.

आता आमचा धंदा थोडक्यात. सरकारी कागदावर जोडणी मोजतात. घरापर्यंत तार आली, वीज झाली. कोपऱ्यात सिलिंडर उभा राहिला, धूर गेला. आम्ही वापर मोजायचो. मीटर आहे, पण संध्याकाळी एकच बल्ब लागतो. सिलिंडर आहे, पण भात चुलीवरच शिजतो, कारण एकदा संपला की पुन्हा भरायची ऐपत नाही. असणं आणि वापरता येणं यांच्या मधली जी फट, तिला आम्ही लोक ऊर्जा-गरिबी म्हणतो. आणि दुसऱ्या टोकाला आमच्या आईसारखी माणसं, त्यांना कमी जाळायला शिकवणं ही ऊर्जा-बचत. माझी सगळी नोकरी या दोन टोकांच्या मधे येरझाऱ्या घालण्यात गेली. एका घरी सांगायचं, बाई, जरा जास्त जाळा. दुसऱ्या घरी सांगायचं, बाई, जरा कमी जाळा. दोन्ही घरी चहा.

लोक मोठे वस्ताद असतात. भिलाईतच कोहक्याला रेल्वेतून रिटायर झालेले नागपूरकडचे एक गार्ड राहायचे. आम्ही त्यांच्याकडचे जुने पिवळे बल्ब काढून नवे एलईडी लावून दिले आणि वीज कशी वाचते यावर मी एक झकास व्याख्यान ठोकलं. पंधरवड्याने ते युनिफॉर्म असल्यासारखे ताठ चालत ऑफिसात आले. "मॅडम, तुमचा बलब थंडा आहे. माही कोंबडी नाराज आहे." बल्बच्या उबेत ते अंडी उबवत होते, हे आमच्या कुठल्याच प्रश्नावलीत नव्हतं. आम्ही मुकाट्याने एक जुना बल्ब परत केला आणि अहवालात 'एका घरी विशेष परिस्थिती' असं लिहिलं.

आमची संस्था अगदी छोटी. कोहक्यात एका मोबाइलच्या दुकानावर दोन खोल्या. त्यात मी आणि देवांगन. देवांगन इंजिनिअर, दुर्गचा, माझ्याहून बराच लहान, छत्तीसगढी आणि हिंदी बोलणारा, यंत्रांवर माया करणारा आणि चहाला स्पर्शही न करणारा. आमचे संचालक रायपूरला बसत. त्यांना आम्ही नुसतंच सर म्हणायचो आणि ते आम्हाला नुसतंच 'भिलाई' म्हणायचे. "भिलाई, रिपोर्ट कहाँ है?"

एकदा एका सरकारी विभागाकडून आमच्याकडे काम आलं. वर्षभर सिलिंडर सवलतीत आणि घरपोच द्यायचे, असा एक प्रयोग त्यांना एका वस्तीत करून बघायचा होता. जिथे गॅस घरात असून पेटत नाही, अशी वस्ती आम्ही शोधून द्यायची. भिलाईच्या कडेची जामुलची एक वस्ती आणि कुरुदची एक गल्ली, अशी दोन नावं समोर होती. एकीलाच सवलत मिळणार होती.

लोकांना विचारून खरं कळत नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो होतो. 'गॅस वापरता का?' या प्रश्नाला कुठलीही बाई 'नाही' म्हणत नाही. म्हणून देवांगनने बटनं मागवली. शर्टाच्या मोठ्या बटनाएवढी ही वस्तू शेगडीला चिकटवून ठेवायची. बर्नर तापला की ती आतल्या आत नोंद घेते, कुठल्या दिवशी तापला, किती वेळ तापला. चुलीलाही एक लावून पाहिलं, पण ते पहिल्याच दिवशी वितळलं आणि देवांगन दिवसभर जेवला नाही. मग फक्त गॅसलाच लावायचं ठरलं.

कुरुदच्या गल्लीत बटन लावायला आम्ही पहिल्यांदा गेलो ते शेवंताबाईंच्या घरी. त्या गल्लीत निम्मी घरं आमच्या विदर्भातली, निम्मी इथलीच छत्तीसगढची. शेवंताबाई गोंदियाकडच्या. नवरा ठेकेदाराकडे हजेरीवर, काम निघालं तर निघालं. दारात पाऊल टाकताच त्यांनी "जय भीम" केला आणि माझ्या आडनावावरून माहेर, सासर, मामाचं गाव असं सगळं दोन मिनिटांत काढून घेतलं. मग देवांगनच्या हातातल्या बटनाकडे त्यांनी संशयाने पाहिलं.

"हे काय होय वो?"

"याने शेगडी किती तापते ते कळतं."

"गॅसले बी ताप येते का, माय!" त्या मागच्या दाराकडे वळून ओरडल्या, "अवो साहूकाकी, या इकडे! मॅडम गॅसचा ताप मोजून राहिल्या!"

साहूकाकी म्हणजे मागच्या अंगणाची शेजारीण. त्या आल्या, बटन पाहून तोंडाला पदर लावून हसल्या आणि म्हणाल्या, "मोरो घर लगा दे बेटा. हमर गैस तो कब के जुड़ा गे हे." आमचा गॅस कधीचा थंड पडलाय, असं त्या सरळसरळ सांगत होत्या. मला ते विनोदासारखं वाटलं. मी मनापासून हसले.

मग चहा आला. गॅसवरचा, आल्याचा, कपबशीतून. बरोबर गरम भजे.

आता चहाबद्दल सांगायलाच हवं. बाबा भिलाईत पहिल्यांदा आले तेव्हा लेबर कॅम्पात राहायचे. तिथे काही जण आधी आडनाव विचारायचे आणि मग कप ठरवायचे. बाबांनी त्यावर आमच्या घरात दोन कायदे केले. आपल्या दारात येईल त्याला चहा. आणि जो आपल्याला चहा देईल त्याला कधी 'नाही' म्हणायचं नाही. हे कायदे बाबा गेल्यानंतरही आमच्या घरात चालू होते. त्यामुळे कुरुदच्या गल्लीत मी ज्या ज्या घरी गेले त्या त्या घरी चहा प्याले. मी फेरीला निघाले की गल्लीच्या तोंडापासून आवाज उठायचा, "मॅडम आली!" आणि मग एका घरून दुसऱ्या घरी, दुसऱ्या घरून तिसऱ्या घरी. चहाबरोबर भजे, नाहीतर पोहे, नाहीतर तांदळाच्या पिठाचा गरमागरम चीला. मी मजेत होते. माझं वजन वाढत होतं आणि आलेखही.

बटनांची नोंद कम्प्युटरवर उतरली तेव्हा देवांगन खुर्चीतून उठून उभाच राहिला. कुरुदच्या घरोघरी गॅस पेटत होता! सुंदर, टोकदार शिखरं. जामुलची रेघ मात्र सपाट, कारण जामुलची वस्ती दिवसभर कामावर असायची आणि आम्ही तिथे कुलपांनाच भेटून यायचो. सरांचा रायपूरहून फोन आला. "वाह भिलाई! कुरुद तो चमक गया!" अहवालाचा मसुदा तयार झाला. कुरुदची गल्ली गॅसवर आलेली आहे, सवलत जामुलला द्यावी. एजन्सीकडून सिलिंडर भरल्याचे आकडे यायचे होते, पण ते नेहमीच वरातीमागून येतात, म्हणून कुणी त्यांची वाट पाहत नसे.

याच सुमारास माझ्या छातीत जळजळ सुरू झाली. मी डॉक्टरांकडे गेले.

"चहा किती होतो दिवसाला?"

"कामावर अवलंबून असतं."

"काम काय करता?"

"धोरण संशोधन."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, चहा बंद.

हे पाळणं फार अवघड गेलं. मसुदा गेला तरी बटनांची नोंद चालू होती आणि फेऱ्याही. दुसऱ्याच दिवशी शेवंताबाईंनी विचारायच्या आत गॅसवर पातेलं चढवायला घेतलं आणि मी म्हणाले, "आज चहा नको."

त्यांचा हात थांबला. "काऊन? आमच्या घरचा नाई पटत का तुमाले?"

त्या 'आमच्या घरचा' शब्दांमागे काय होतं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी घाईघाईने पर्स उपडी केली आणि डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्यांची पाकिटं, सगळं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी एकेक गोळी हातात घेऊन पाहिली. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "असं आहे का वो. मले वाटलं..." साहूकाकींकडून त्यांनी मला तांब्याभर ताक आणून पाजलं. त्या दिवसापासून अख्ख्या गल्लीने मला ताकावर ठेवलं. माझी जळजळ थांबली. देवांगन तर चहा पीतच नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी कुणी गॅस लावण्याचा प्रश्नच नव्हता.

आठवड्याने तो पडलेल्या चेहऱ्याने आला. "मॅडम, बटन मर गए."

"कोणती?"

"सारे."

कुरुदची शिखरं नाहीशी झाली होती. सगळ्या घरांची रेघ जामुलसारखी सपाट. देवांगनने बटनांचे सेल बदलले. रेघ सपाट. त्याने उन्हाला दोष दिला, मग कंपनीला, मग गल्लीजवळच्या मोबाइल टॉवरला. खालच्या दुकानदारालाही वर बोलावून मत विचारलं. शेवटी तो सगळे आलेख टेबलावर पसरून बसला आणि म्हणाला, "अजीब बात है. सब एक ही दिन मरे हैं. मॅडम, उस दिन क्या हुआ था?"

मी डायरी न पाहता सांगितलं, कारण तो दिवस माझ्या पोटाला चांगला ठाऊक होता. "त्याच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरकडे गेले होते."

देवांगनने समोरचा आलेख बाजूला सारला. मग अगदी हळू, दबकत त्याने विचारलं, "मॅडम... आपने चाय कब से छोड़ी है?"

मला हसू फुटलं. असं हसू, की मला खुर्चीवर बसवेना. देवांगन आधी गंभीर राहण्याचा प्रयत्न करत होता, मग त्यालाही आवरेना. ती सगळी देखणी शिखरं, सरांचं 'वाह भिलाई', अहवालातला तो ऐटदार परिच्छेद, सगळा माझा चहा होता! कुरुदच्या गल्लीत मी गेले की गॅस पेटायचा आणि मी निघाले की विझायचा. मोजायला गेलेली बाईच मोजली गेली होती. आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी पुन्हा हसत सुटले. मी लहानपणापासून ज्या घरात वाढले तेच हे घर होतं, फक्त तिथे कव्हराखालच्या गॅसशेजारी हीटर होता आणि इथे मागच्या अंगणात चूल.

पण आमच्या धंद्यात नुसतं हसून भागत नाही, खात्री करावी लागते. दुसऱ्या दिवशी आम्ही न सांगता गेलो ते थेट साहूकाकींच्या घरी. मी जाहीर केलं, "काकी, आज चाय पिऊंगी."

काकींना भरून आलं. "बइठ न मॅडम, अभी बनावत हंव." आणि त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. दूध आणायला गेल्या असतील म्हणून आम्ही बसलो. थोड्या वेळाने मागच्या बाजूने आवाज येऊ लागला. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. हा आवाज मी या गल्लीत प्रत्येक फेरीला ऐकला होता. कुणाचं तरी लोखंडी काम चालू असेल असं समजून मी कधी विचारलं नव्हतं. देवांगनने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघेही उठून मागच्या दाराशी गेलो.

अंगणातून एक लाल सिलिंडर गडगडत येत होता. एका बाजूने साहूकाकी ढकलत होत्या, दुसऱ्या बाजूने शेवंताबाई. शेवंताबाई ओरडत होत्या, "अवो हळू! पायावर घेता का?" मग त्यांनी मान वर केली आणि आम्ही दिसलो.

सगळे जागच्या जागी थिजले. सिलिंडर तेवढा उतारावरून आणखी दोन हात पुढे आला आणि माझ्या पायाशी थांबला.

पहिल्यांदा शेवंताबाई हसल्या. त्या सिलिंडरवरच बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून हसत राहिल्या. मग काकी, मग आम्ही. अख्ख्या गल्लीत भरलेला सिलिंडर एकच होता, शेवंताबाईंचा. मी ज्या घरी बसायची त्या घरी तो मागच्या मागे पोचायचा. चहा होऊन मी पुढच्या घरी निघाले, की तोही अंगणा-अंगणातून माझ्याबरोबर निघायचा. मी समोरून, तो मागून. पूर्ण सर्वेक्षण आम्ही दोघांनी मिळून केलं होतं.

"आई, रेगुलेटर घरीच राह्यला ना वो," मागून एक आवाज आला. एक तरुण मुलगी एका हाताने कंबर धरून, दुसऱ्या हातात रेग्युलेटर घेऊन सावकाश चालत येत होती. दिवस भरत आलेले होते. ही शेवंताबाईंची मुलगी पायल. राजनांदगावला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला आदल्याच दिवशी माहेरी आली होती.

शेवंताबाईंचं हसू तिला पाहून थांबलं. त्या उठल्या आणि त्यांनी सिलिंडर कानाशी धरल्यासारखा हलवून पाहिला. मीही हात लावून पाहिला. हलका होता.

"हिच्यासाठी ठेवला होता," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीण बाईनं सांगतलं होतं, बाळंतिणीले अन् लेकराले धुरात नोको ठेवू. म्हून वर्षभर हात नाई लावला. चुलीवरच केलं सगळं."

"मग आम्हाला का पाजलात?"

त्या माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जणू मी वेड्यासारखं काहीतरी विचारलं होतं. "पाहुन्याले धुरकट चाय देऊ का? बोलता काय तुमी!"

मला फार वाईट वाटलं. अशाच मुलींना धुरापासून वाचवायचं, त्या कामाचा पगार मी घेत होते आणि तिचा गॅस घोट घोट करून पिऊन बसले होते. त्या दिवशी काकींच्या घरी मी चुलीवरचा चहा मागितला. दोघींनीही साफ नकार दिला. शेवटी ताकच मिळालं.

परत येताना मी म्हणाले, "देवांगन, शेवंताबाईंना आपण एक सिलिंडर देऊ या."

"मॅडम, नियम है. जिस घर का सर्वे, उसको कुछ नहीं देना. सैंपल खराब हो जाएगा."

"सैंपल आपण कधीच पिऊन टाकलंय. त्यांचं घर नोंदीतून काढ."

त्याने मोबाइल काढून तिथेच ते घर काढलं. सिलिंडर कुठून आणायचा, हा विचार मला फार वेळ करावा लागला नाही. आईकडे तो फुलाफुलांच्या कव्हराखाली उभा होता. बाबांनी रिटायर होताना क्वार्टर लीजवर घेतलं होतं आणि आई अजून तिथे हीटरवरच स्वयंपाक करत होती. मी तिला सगळं सांगितलं. चहाचा भाग आला तेव्हा ती इतकी हसली की मला तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. "पाह्य! मी काय सांगत होती लोकायले? चाय पिते म्हून!" मग तिने उठून कव्हर काढलं आणि घडी केली. "घेऊन जा. पाहुने आता फोनवरच येतात. त्यायले काय गॅस लागते!"

ऑटोत सिलिंडर मांडीशी घेऊन ती स्वतःच माझ्याबरोबर कुरुदला आली. शेवंताबाई घ्यायला तयार होईनात. आई त्यांना म्हणाली, "बाई, माह्या पोरीनं पेलेला परत करून राहिली मी. घेनं आलंच तुले." त्यावर शेवंताबाईंनी सिलिंडर आत घेतला. मग दोघींनी मिळून बाजेवर बसून पायलला काय काय खायला घालायचं ते ठरवलं आणि मला कुणी विचारलंच नाही.

गल्लीतल्या बाकी घरांचं उरलं होतं. रायपूरला सादरीकरण होतं. आदल्या दिवशी सरांना सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "भिलाई, तुम मुझे मरवाओगी." पण थांब असं काही ते म्हणाले नाहीत.

बैठकीत मोठं टेबल, मोठी माणसं, थंडगार एसी. मी कुरुदचा आलेख पडद्यावर लावला. मुख्य अधिकारी खूश झाले. "ये तो बहुत अच्छा यूसेज है!"

"जी सर. ये सारी मेरी चाय है."

त्यांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. मी दुसरा आलेख लावला, डॉक्टरांच्या चिठ्ठीनंतरचा. मग सिलिंडरची वाटचाल सांगितली, मी समोरून आणि तो मागून. ठण्ण-ठण्ण असा आवाजही काढून दाखवला, ते जरा जास्तच झालं असावं. आधी एक बाई अधिकारी हसल्या, मग सगळं टेबल. सरसुद्धा रुमालात खोकले. हसणं ओसरल्यावर मुख्य अधिकाऱ्यांनी विचारलं, "तो आपकी चाय घटा दें तो कुरुद में बचा क्या?"

"कुछ नहीं सर. चूल्हा."

आता कुणी हसलं नाही. तेवढ्यात शिपाई चहाचे कप घेऊन आला आणि पुन्हा सगळं टेबल हसत सुटलं. प्रयोग दोन्ही ठिकाणी करायचा असं ठरलं. जामुल होतंच, कुरुदची गल्ली जोडली गेली. आयुष्यात मी पुष्कळ अहवाल लिहिले, बरेचसे कपाटात गेले. हा माझा एकच अहवाल, जो मी खोटा ठरवला आणि म्हणून कामाला आला. रुखरुख एवढीच, की प्रयोग वर्षभराचाच होता. तो संपल्यावर काही घरं पुन्हा चुलीकडे गेली. मी त्यावर पत्रं लिहिली, अजूनही लिहिते.

फायली हलून सिलिंडर यायच्या आत पायल बाळंत झाली. मुलगी झाली. बातमी देवांगनने आणली. मी लगेच जाऊ शकले नाही. गेले तेव्हा गल्लीत सवलतीचे सिलिंडर येऊन बरेच दिवस झाले होते. तोंडाशीच कुणीतरी मला पाहिलं, पण "मॅडम आली!" असं कुणी ओरडलं नाही. साहूकाकी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी नुसता हात हलवला. मागच्या अंगणातून ठण्ण-ठण्ण काही आलं नाही.

शेवंताबाईंच्या घरी दार उघडंच होतं. आतून बाळाचं रडणं आणि पायलचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मी बाहेरून म्हणाले, "शेवंताबाई, डॉक्टरांनी एक कप चालेल म्हटलंय हो!"

त्या बाहेर आल्या नाहीत. आतूनच ओरडल्या, "बसा वो बाई. एकावर लेकराचं पानी आहे, दुसऱ्यावर पायलचा भात. जागाच नाई. झालं की मंग पाहू तुमच्या चायचं."

मी बाजेवर बसले. अख्खी नोकरी ज्या गोष्टीच्या मागे मी घरोघर हिंडले, ती आत दोन्ही बर्नरवर रटरटत होती, आणि मला चहा मिळत नव्हता.